आधी पाठ पाहा: पेनसिल्व्हेनियाच्या शेतांत सापडणारी जुनी बटणे, टोकने आणि बाणाग्रे ओळखण्याची रीत

दक्षिण पेनसिल्व्हेनियात, मेरिलँडच्या सीमेलगतच्या शेतांत मक्याची कापणी झाली की जमीन काही आठवडे उघडी पडते. धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्यांचा हा सुगीचा काळ. शेतमालकाच्या परवानगीने सकाळभर पालथी घातलेली आठ-दहा एकर जमीन संध्याकाळी पिशवीत काय देते, तर बहुतेक वेळा काडतुसांची रिकामी नळकांडी, डब्यांची झाकणे आणि ट्रॅक्टरचे नट. पण त्यांच्यात एखादी तपकिरी चकती असते, एखादे भोक पाडलेले नाणेवजा काहीतरी असते, आणि यंत्राने नव्हे तर नुकत्याच पडलेल्या पावसाने धुऊन दाखवलेला एखादा टोकदार दगड असतो. या तीन वस्तू नेमक्या काय आहेत हे कसे ठरवायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

नवशिक्याची पहिली चूक ठरलेली असते. तो वस्तूचे तोंड पाहतो. गरुड दिसला की अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण राज्यांतले यादवी युद्ध (१८६१-६५), मूलनिवासी स्त्री-पुरुषाचे मस्तक दिसले की एक सेंटचे नाणे, टोक दिसले की बाण, असे निष्कर्ष तो घरी पोहोचण्याआधीच काढून मोकळा होतो. मीही हेच करत होतो. तोंडावरची नक्षी मात्र पिढ्यान्‌पिढ्या फिरून फिरून वापरली जाते. वस्तू घडवली कशी, याच्या खुणा बटणाच्या पाठीवर, टोकनाच्या (म्हणजे खाजगी, नाणेवजा पैशाच्या) मापात आणि दगडी टोकाच्या बुडाशी राहिलेल्या असतात. घडवण्याची एक रीत मागे पडली की कारखाने सहसा तिच्याकडे परत वळत नाहीत, म्हणून तारीख तिथूनच निघते.

उचलण्याआधी

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती चुकली तर पुढचे सगळे ज्ञान वकिलासमोर सांगण्याची वेळ येते. खाजगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि सापडलेल्या वस्तू कोणाच्या, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. आमच्या भागात यादवी युद्धातले गेटिसबर्गचे रणांगण जवळ असल्याने अनेकांना तिथे जाण्याचा मोह होतो. परंतु ते राष्ट्रीय लष्करी उद्यान आहे, आणि अशा उद्यानांत धातुशोधक यंत्र चालवणेच नव्हे, तर वापरण्याजोग्या स्थितीत जवळ बाळगणेही नियमबाह्य आहे. संघराज्याच्या व मूलनिवासी जमातींच्या मालकीच्या जमिनीवरून शंभर वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू परवान्याविना काढणे हा १९७९ च्या कायद्याने गुन्हा ठरतो. पृष्ठभागावर पडलेल्या बाणाग्रांना त्या कायद्याच्या दंडकलमातून सूट आहे, एवढे ऐकीव ज्ञान घेऊन काही जण बिनधास्त असतात. पण संघराज्याची मालमत्ता उचलण्याविरुद्धचे अन्य नियम त्यांनाही लागू होतातच.

मानवी हाडे दिसली तर काम तिथेच थांबवून पोलिसांना कळवावे. तोफगोळा किंवा तसा गोलाकार जड लोखंडी ऐवज दिसला तर त्याला खुरपेही लावू नये. दीडशे वर्षांपूर्वीची दारू मेलेली असते हा समज खोटा आहे. व्हर्जिनियात २००८ साली यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना झालेल्या स्फोटात एक अनुभवी संग्राहक मृत्युमुखी पडला.

महाराष्ट्रातील वाचकांनी हा छंद तसाच उचलून आपल्या गावी नेऊ नये. भारतात १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि १९७२ चा पुरावस्तू कायदा त्याशिवाय आहेच. शिवराई सापडली म्हणून खिशात टाकण्याची सोय तिथे नाही.

माती काढणे, आणि चिंचेची गोष्ट

वस्तू बाहेर आली की प्रथम ठिकाणाची नोंद करावी. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि आजूबाजूला काय दिसले, एवढे पुरे. खोलीची नोंद नांगरलेल्या शेतात फारशी कामाची नसते, कारण वरच्या २० ते ३० सेंटिमीटरांतली माती दोनशे वर्षे उलथीपालथी होत आलेली असते आणि तिच्यात आजोबाच्या वर नातू व नातवाच्या वर पणजोबा अशी सरमिसळ असते. शेजारपाजार मात्र जरूर पाहावा. त्यात खिळा सर्वांत बोलका: हाताने घडवलेला खिळा अठराव्या शतकाकडे बोट दाखवतो, पत्र्यातून कापलेला चौकोनी खिळा १७९० नंतरचा असतो, आणि तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वत्र पसरला. विटांचे तुकडे, पांढऱ्या मातीच्या चिलमीच्या नळ्या, निळ्या काठाच्या बशांची खापरे दिसली तर तिथे घर होते, आणि बटण त्या घरातल्या माणसाचे असण्याची शक्यता सैनिकाचे असण्याहून अधिक आहे.

साफसफाईबद्दल मी अनुभवाने शहाणा झालो आहे. माझे पहिले १८६३ सालचे तांब्याचे टोकन मी घरी आणले, आणि देवघरातली ताम्हन-पळी आई जशी लख्ख करते तसे चिंच आणि मीठ लावून ते घासले. दोन मिनिटांत ते नव्या पैशासारखे गुलाबी झाले. मग भिंगातून पाहिले तर अक्षरांच्या कडा लोण्यासारख्या बुळबुळीत झालेल्या होत्या. जुन्या तांब्यावरचा हिरवा-तपकिरी थर म्हणजे वरून बसलेली घाण नव्हे. पृष्ठभागाचे धातूच त्या थरात बदललेले असते आणि बारीक अक्षरे पुष्कळदा त्या थरातच जिवंत असतात. आम्लाने थर गेला की अक्षरेही जातात.

म्हणून तांबे-पितळ ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवावे, लाकडी दातकोरणीने माती उचलावी, मऊ ब्रशने झटकावे आणि थांबावे. मुलाम्याचे बटण असेल तर घासूच नये, कारण उरलेले सोने केसाइतक्या जाडीचेही नसते. चांदी नुसती पाण्याखाली धरावी. दगडी टोकाला पाणी आणि मऊ ब्रश याहून काही लागत नाही. साधनेही थोडीच: दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटर मोजणारे कॅलिपर, सोनारी काटा, एक लहान चुंबक आणि तिरका प्रकाश देणारी विजेरी.

बटणे

बटण हातात आले की चार गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात: किती पत्र्यांचे आहे, कडी कशी जोडली आहे, पाठीवर काय लिहिले आहे, आणि सर्वांत शेवटी तोंडावर काय आहे.

एकाच पत्र्याचे सपाट बटण हा आमच्या शेतांतला सर्वांत नेहमीचा प्रकार. साधारण १७६० च्या दशकापासून १८३०-४० पर्यंत ही बटणे कोटांवर सर्रास असत. दिसायला ती झिजलेल्या पैशासारखी, आणि पुष्कळदा तीच समजूत होऊन डब्यात जातात. पाठीमागे तारेची कडी डाग देऊन जोडलेली असते. ती तुटून गेली तरी मध्यभागी डागाचा फोड किंवा दोन ठिपके राहतात, आणि तेवढ्यावरून नाणे नव्हे बटण, हे नक्की होते. कडी ओतीव उंचवट्यात बसवलेली असेल, आणि धातू हिरवा न पडता राखाडी-रुपेरी राहिला असेल, तर ते टॉम्बॅक. तांबे, जस्त आणि थोडे आर्सेनिक यांच्या या मिश्रणाला जमिनीत कळंक जवळजवळ चढत नाही. अशी बटणे अठराव्या शतकातली, आणि चकतीचा आकार जितका मोठा तितकी ती त्या शतकाच्या छानछोकीची. कथील-शिशाची बटणेही त्याच काळातली, पण ती आमच्या ओल्या मातीत खरवडीसारखी भुसभुशीत होतात. अमेरिकी क्रांतीतल्या सैन्याची ‘यूएसए’ ही गुंफलेली अक्षरे असलेली कथली बटणे प्रसिद्ध आहेत, आणि प्रसिद्ध असल्यामुळेच त्यांच्या नकलाही भरपूर आहेत.

माझ्याजवळचे एक उदाहरण जवळून पाहू. मक्याच्या शेतातून आलेली ही चकती २७ मिलिमीटर व्यासाची. तोंड पूर्ण कोरे आणि चॉकलेटी. उलटी केली तर वाकलेली कडी, आणि तिच्याभोवती वर्तुळात काहीतरी उमटल्याचा भास. समोरून प्रकाश टाकला तर काहीच दिसत नाही. विजेरी अगदी कडेला, टेबलाच्या पातळीवर आणली आणि बटण हळूहळू फिरवले, तेव्हा एक एक अक्षर सावलीतून वर आले: ‘ट्रेबल गिल्ट’, म्हणजे तिहेरी मुलामा, आणि दोन शब्दांमध्ये एक चांदणी. अक्षरांच्या खाचांत अजून सोने होते, तोंडावर कणभरही नव्हते. तोंड आधी अंगावर आणि मग मातीत झिजले. पाठ कोटाच्या कापडाने राखली.

असे पाठलेख म्हणजे दर्जाची जाहिरात असे. ‘गिल्ट’, ‘प्लेटेड’, ‘स्टँडर्ड कलर’, ‘बेस्ट क्वालिटी’, ‘ऑरेंज कलर’ हे शब्द, कधी सोबत ‘लंडन’. ब्रिटनमध्ये १७९६ साली कायद्याने ‘गिल्ट’ व ‘प्लेटेड’ या शब्दांवर नियम आले, आणि त्यानंतर पाठीवरच्या लिखाणाला जोर चढला. लेख नसलेले बटण त्यामुळे आपोआप जुने ठरत नाही, पण असा लेख असलेले बटण १७९० च्या मागे नेताना दहादा विचार करावा.

दुसरा मोठा गट दोन पत्र्यांच्या बटणांचा. इंग्लंडमध्ये बेंजामिन सँडर्स यांनी १८१३ मध्ये वरचा पत्रा खालच्या पत्र्याच्या कडेवर दुमडून बटण बंद करण्याची रीत आणली. असे बटण कडेने पाहिले की तळलेल्या पुरीसारखे फुगीर दिसते, आणि जमिनीतून निघताना त्या पुरीचे दोन पापुद्रे वेगळेही होतात. दोन्ही जपावेत, कडीचा पापुद्रा फेकून देणारे संग्राहक मी पाहिले आहेत, आणि कारखान्याचे नाव नेमके त्याच पापुद्र्यावर असते. कनेटिकट राज्यातील वॉटरबरीच्या स्कोव्हिल घराण्याचे उदाहरण घ्या. ‘जे.एम.एल. अँड डब्ल्यू.एच. स्कोव्हिल’ हे नाव १८२७ ते १८४० या काळाचे, ‘स्कोव्हिल्स अँड कंपनी’ १८४० च्या दशकाचे, आणि ‘स्कोव्हिल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ १८५० पासून पुढचे. तोंडावर तोच गरुड असेल, पाठीवरचे नाव मात्र दशक सांगून जाते.

आता तोंडाकडे वळण्यास हरकत नाही. अमेरिकी सैन्याच्या गरुडाच्या छातीवर ढाल असते आणि ढालीत अक्षर असू शकते: पायदळाला ‘आय’, तोफखान्याला ‘ए’, घोडदळाला ‘सी’, ड्रॅगूनांना, म्हणजे घोड्यावरून जाऊन पायीही लढणाऱ्या शिपायांना, ‘डी’. साध्या शिपायांच्या बटणांवरून ही अक्षरे १८५४ मध्ये काढली गेली आणि ढालीत नुसत्या रेघा राहिल्या. अधिकाऱ्यांनी अक्षरे पुढेही वापरली. म्हणजे यादवी युद्धातले अक्षराचे बटण बहुधा अधिकाऱ्याचे, आणि बिनअक्षरी गरुड शिपायाचा. हाच बिनअक्षरी गरुड युद्धानंतरही कित्येक वर्षे चालू राहिला, ही गोष्ट विकणारे सोयीस्करपणे विसरतात. १९०२ मध्ये या जुन्या गरुडाची जागा राष्ट्रीय राजमुद्रेवरच्या गरुडाच्या नमुन्याने घेतली, त्यामुळे तो नमुना दिसला तर बटण विसाव्या शतकातले, वाद नाही. दक्षिणेच्या राज्यांची बटणे, उदाहरणार्थ पाडलेल्या जुलमी राजावर पाय ठेवून उभी असलेली व्हर्जिनियाची सद्गुणदेवी, महाग विकली जातात आणि म्हणून त्यांच्या नकला सर्वाधिक.

बाकीचे झटपट. काळ्या कडक रबराच्या बटणावर ‘गुडइयर’ व ‘१८५१’ असे असेल तर ते पेटंटचे वर्ष आहे, बटणाचे नव्हे. त्या पेटंटाखाली पुढे बरीच वर्षे बटणे निघत राहिली. त्यांच्यावर कधीकधी आढळणाऱ्या ‘इंडिया रबर’ या शब्दांनी आपला मराठी ऊर उगाच भरून येतो. ते रबराचे तेव्हाचे सरसकट इंग्रजी नाव होते. दुधी काचेसारखे चार भोकांचे पांढरे बटण १८४० नंतरचे. रिचर्ड प्रॉसर यांच्या त्या वर्षीच्या पेटंटाने चिनी मातीची भुकटी दाबून बटणे करता आली, आणि त्यांच्या पाठीवर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खवली दिसते. चुंबकाला चिकटणारी, मध्ये खोलगट, एखाद्या कंपनीचे नाव मिरवणारी बटणे कामकऱ्यांच्या डगल्यांची. ती ढिगाने सापडतात.

टोकने

टोकन म्हणजे सरकारने न काढलेला, पण कोणीतरी चालवलेला पैसा. सुट्टे नाहीत म्हणून आपल्याकडचा दुकानदार हातावर चॉकलेट ठेवतो, त्याचाच हा धातूतला अवतार; हे एक सूत्र धरले की अर्धी टोकने आपोआप ओळखता येतात, कारण प्रत्येक लाट सुट्ट्यांच्या टंचाईतून आली आहे.

इथे पहिली पायरी मापाची. व्यास मोजावा. सुमारे २८-२९ मिलिमीटरची तांब्याची चकती १८५७ पर्यंत चाललेल्या मोठ्या सेंटची जोडीदार, आणि तिच्यावर १८३२ ते १८४४ या काळातली राजकीय चित्रे असतील तर ती ‘हार्ड टाइम्स’ टोकनांपैकी. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन आणि राष्ट्रीय बँक यांच्या भांडणाची, आणि १८३७ च्या आर्थिक कोसळीची ही टिंगलटवाळी होती. ‘संरक्षणासाठी कोट्यवधी, खंडणीसाठी एक सेंटही नाही’ अशा आशयाचे वाक्य त्यांतल्या अनेकांवर असते. त्यातले ‘एक सेंट’ हे शब्द मध्यभागी मोठ्या अक्षरांत, खऱ्या सेंटवर असतात तसेच, बसवलेले. घाईत घेणाऱ्याला ते नाणेच वाटावे आणि कोर्टात मात्र नाणे नाही असे सांगता यावे, ही ती युक्ती.

१९ मिलिमीटरची चकती १८५७ नंतरच्या लहान सेंटच्या मापाची. यादवी युद्ध सुरू झाल्यावर लोकांनी सोने दडवले, मग चांदी, आणि १८६२ मध्ये सेंटसुद्धा बाजारातून नाहीसे झाले. न्यूयॉर्क, सिनसिनाटी अशा शहरांतल्या व्यापाऱ्यांनी मग स्वतःच तांब्याच्या चकत्या पाडून घेतल्या. बहुसंख्य टोकनांवर १८६३ हे साल आहे. त्यांचे दोन कुळे: एकावर देशभक्तीपर चित्रे व वाक्ये, दुसऱ्यावर दुकानाचे नाव-पत्ता. पहिल्या कुळातल्या अनेकांवर मूलनिवासी मस्तक थेट सेंटसारखे आहे आणि पाठीवर ‘वन सेंट’ या ठळक शब्दांच्या डोक्यावर मुंगीएवढे ‘नॉट’. माझे पहिले असे टोकन मी वर्षभर सेंट म्हणून ठेवले होते. पाठ नीट वाचली तेव्हा मुंगी दिसली. झेंडा खाली खेचू पाहणाऱ्याला ‘जागच्या जागी गोळी घाला’ असे फर्मावणारे टोकनही नेहमीचे आहे, आणि त्याच्या काही छापांत कारागिराने ‘स्पॉट’ ऐवजी ‘स्पूट’ कोरले आहे. ती चूक ओळखीची खूण झाली. १८६४ च्या कायद्यांनी खाजगी नाणी पाडणे बंद केले, म्हणून या घराण्याचा शेवटही तिथेच.

वजनाचा उपयोग इथे होतो. १८६४ पूर्वीचा तांबे-निकेलचा जाड सेंट ४.६७ ग्रॅमचा, नंतरचा काशाचा ३.११ ग्रॅमचा, टोकनांची वजने मात्र कारखान्यागणिक वरखाली होतात. व्यास जुळतो, वजन कोणत्याच आकड्याला जुळत नाही, अशी चकती निघाली तर ती पुन्हा वाचावी.

तिसरी लाट ‘गुड फॉर’ टोकनांची, म्हणजे अमुक दुकानात पाच सेंटच्या मालाला चालेल अशी हमी देणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून विसाव्याच्या चौथ्या दशकापर्यंत दारूची दुकाने, बेकऱ्या, दूधवाले, खाणींची दुकाने हे सर्व जण ती वापरत. धातू इथे तारीख सांगतो: अॅल्युमिनियम स्वस्त करणारी विद्युत पद्धत १८८६ मधली, तेव्हा अॅल्युमिनियमचे टोकन व्यवहारात १८९० च्या आधीचे नसते. गावाचे नाव असेल तर जुन्या शहर-निर्देशिका उघडाव्यात. पुष्कळ ग्रंथालयांनी त्या संगणकावर मोफत ठेवल्या आहेत, आणि दुकान कोणत्या सालांत त्या पत्त्यावर होते हे वर्षागणिक पाहता येते. नुसते आडनाव आणि ‘गुड फॉर ५ सेंट’ एवढेच असेल तर त्या टोकनाला इथे मॅव्हरिक, म्हणजे डाग न दिलेले मोकाट वासरू म्हणतात. असे वासरू सापडले त्या शेताची नोंद हाच त्याच्या मालकाकडे नेणारा एकमेव माग असतो, म्हणून ठिकाणाची नोंद टाळणाऱ्याने टोकने शोधूच नयेत असे माझे मत आहे.

दोन फसव्या वस्तू सांगून पुढे जातो. मध्ये भोक असलेली हलकी चकती, ‘सेल्स टॅक्स’ आणि ‘मिल’ या शब्दांची, १९३० च्या दशकातल्या विक्रीकराची चिल्लर आहे. मिल म्हणजे सेंटचा दहावा हिस्सा. आणि वर्तुळात एच, टी, डब्ल्यू, एस, एस, टी, के, एस अशी अगम्य अक्षरे असलेला ‘वन पेनी’ हा मेसन बंधुसंघाच्या सभासदाचा खाजगी पैसा. त्या पैशाने कधी पाव विकत घेतला गेला नाही.

बाणाग्रे

धातुशोधक यंत्र दगडाला ओळखत नाही. बाणाग्रे डोळ्यांनीच शोधावी लागतात: नांगरटीनंतर एक जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्य खाली असताना, सूर्याकडे तोंड करून सरींमधून चालावे. ओला दगड त्या उजेडात चमकतो.

हातातला तुकडा माणसाने घडवलेला आहे का, हा पहिला प्रश्न. गार किंवा चर्ट (गारेसारखाच कठीण दगड) घणाने फोडला की फुटलेल्या पृष्ठावर घाव बसल्या जागी फुगवटा येतो आणि तिथून शंखाच्या आतल्या बाजूसारख्या लाटा पसरतात. घडवलेल्या टोकावर असे उथळ ठसे दोन्ही अंगांवर, कडेपासून मध्याकडे, एका शिस्तीत गेलेले दिसतात. नांगराच्या फाळाने उडालेला टवका एकाच कडेला, वेडावाकडा आणि रंगाने ताजा असतो. दख्खनच्या नदीकाठांवरची कॅल्सेडनीची सूक्ष्मास्त्रे ज्यांनी एखाद्या संग्रहालयात पाहिली आहेत त्यांना हे ठसे ओळखीचे वाटतील. दगड फोडण्याचे भौतिकशास्त्र सर्वत्र एकच.

दुसरा प्रश्न दगड कोणता. आमच्या भागात पांढरी गारगोटी सर्वत्र. तिच्यावर ठसे अस्पष्ट उमटतात, त्यामुळे नवखा माणूस चांगली टोके खडे म्हणून ओलांडून जातो. साउथ माउंटन या डोंगररांगेतला रायोलाइट, म्हणजे ज्वालामुखीतून झालेला कठीण खडक, हा इथला खास दगड. गेटिसबर्ग ज्या अॅडम्स जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात कार्बो रन येथे त्याच्या प्राचीन खाणी आहेत. ताजा फोडला तर तो गडद निळा-राखाडी असतो, हजारो वर्षे मातीत राहिला की वरून खडूसारखा फिका होतो. त्यामुळे त्याच्यावरचा नवा टवका लगेच उघडा पडतो. पेनसिल्व्हेनियाच्या पूर्वेकडचा पिवळा जास्पर विस्तवात तापवला की लाल होतो, आणि कारागीर तो मुद्दाम तापवत. काळाकुळकुळीत ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेचा दगड, इथल्या शेतात मिळाला तर तो कोणाच्या तरी पर्यटनाची आठवण समजावी.

तिसरा आणि खरा प्रश्न बुडाचा. टोक सर्वांचे सारखेच असते. काठीला बांधण्याची तऱ्हा काळानुसार बदलली, म्हणून बूड पाहावे. बुडापासून वर मधोमध एक लांब, रुंद छिलका काढून पन्हळ केलेली असेल तर ते क्लोव्हिस परंपरेचे, सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीचे, आणि अशा वेळी हात जागीच थांबवून तज्ज्ञाला बोलवावे. बुडाला मधोमध खाच पडून दोन पाय झाले असतील तर साडेआठ हजार वर्षांच्या आसपासचा लेक्रॉय गट. रुंद पाते आणि मध्ये देठ, किंवा दोन्ही बाजूंना खाचा, ही त्यानंतरच्या दीर्घ काळाची कुळे. त्यांची नावे शिकायला वर्षे लागतात. साधा, पातळ, देठ नसलेला त्रिकोण मात्र सगळ्यांत अलीकडचा, गेल्या हजार-बाराशे वर्षांतला. बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवून पाहावा. जुन्या टोकांपैकी कित्येकांची ती कड मुद्दाम घासून बोथट केलेली असते, कारण धारदार राहिली तर बांधणीची दोरी कापली जाई.

इथेच नावातली चूक सुधारतो. अमेरिकेच्या पूर्व भागात धनुष्यबाण साधारण दीड हजार वर्षांपूर्वीच्या आसपास पसरले. त्याआधीची टोके अटलाटल नावाच्या हातकाठीने फेकायच्या भाल्यांची, किंवा चक्क सुऱ्यांची. म्हणजे ज्यांना सगळे बाणाग्रे म्हणतात त्यांतली बहुतेक कधी धनुष्यावर चढलीच नाहीत. लहान, पातळ आणि काही ग्रॅमच वजनाचे असेल तरच बाण म्हणावे. पाते एका बाजूला झिजून असमान झाले असेल तर ती सुरी, पुन्हा पुन्हा धार लावून आखूड झालेली.

नकला ओळखताना रंगाकडे पाहावे. खऱ्या टोकाच्या छिलक्यांच्या खोल कोपऱ्यांत माती घट्ट बसलेली असते, सगळ्या खाचांचे वय एकच असते, आणि नांगरलेल्या शेतातल्या टोकावर फाळाच्या लोखंडाची गंजकी रेघ असू शकते. तांब्याच्या पिवळसर रेघा दिसल्या तर जपून असावे, कारण आजचे हौशी कारागीर तांब्याच्या टोकाने दाब देतात.

यंत्र ज्यांना ओळखते अशी बाणाग्रेही आहेत. युरोपीय व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या पितळी हंड्या फुटल्या की मूलनिवासी कारागीर त्यांच्या पत्र्यातून त्रिकोणी टोके कापत. ती पातळ, सपाट आणि कात्रीच्या कडेची असतात. तोच पत्रा शंकूसारखा गुंडाळलेला असेल तर ते टोक नव्हे. कपड्याच्या झालरीला लावायचे ते घुंगरू आहे.

कोणाला दाखवताना

तज्ज्ञाकडे किंवा जाणत्या संग्राहकाकडे चित्र पाठवायचे तर चार पाठवावीत: तोंड, पाठ, कड, आणि तिरक्या उजेडातली पाठ. शेजारी मोजपट्टी ठेवावी; नाणे ठेवू नये, कारण समोरच्याकडे तेच नाणे असेलच असे नाही. पांढऱ्या गारगोटीला काळा कागद लागतो. दगडी टोके एकाच शेतात वारंवार मिळत असतील तर हॅरिसबर्गच्या राज्य संग्रहालयाशी संपर्क साधावा. स्थळाची नोंद केल्याने जमिनीची मालकी जात नाही, हे शेतमालकाला आधी समजावून सांगावे लागते.

साठवण कागदी पाकिटात, एका पाकिटात एकच वस्तू. पाकिटावर आधी जे मोजले ते लिहावे, मग जे वाटते ते, आणि दोन्ही एकाच ओळीत कधी लिहू नयेत. माझ्या पेटीतल्या एका पाकिटावर असे आहे: ‘टोकन, तांबे, १९ मिमी, साल १८६३ वाचता येते, पाठीवरची अक्षरे वाचता येत नाहीत. चिंचेने घासलेले.’